डाव्या कानाची खूण

प्रशिक्षकांनी खडू शिडीच्या, म्हणजे संघातल्या सगळ्यात उंच खेळाडूच्या, हातात दिला आणि ते फळ्यापासून दोन पावलं मागे सरकले.

"लिही. त्यांच्या सगळ्या खुणा."

बाकांवर बसलेल्या अकरा खेळाडूंनी माना वर केल्या. बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला दोन तास उरले होते आणि समोर शिडीचाच जुना संघ होता. त्या संघासाठी तो तेरा वर्षं खेळला. चार वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चारही वेळा हात हलवत परत आला. मागच्या वर्षी गुडघा कुरकुरू लागला. तेवढ्यात ओळीने पाच चषक नेणाऱ्या या संघाचं बोलावणं आलं, आणि तो आला. जाण्याआधी केस कापताना जुना न्हावी म्हणाला होता, "शिखरावर पोचलेल्यांच्या खांद्यावर बसायला निघालात, साहेब. उंच दिसाल. आधीच काय कमी होतात."

शिडी हसला होता. रात्री मात्र ते वाक्य उशीत खड्यासारखं टोचत राहिलं.

आता खडू बोटांत होता. या खुणा त्याने आणि बुटक्याने मिळून जन्माला घातल्या होत्या. बुटक्या जुन्या संघात चेंडू पुढे नेणारा, शिडीच्या छातीला लागणारा. त्याची आई शिवणकाम करायची. तिचा बटणांचा डबा फरशीवर पालथा घालून दोघं संध्याकाळभर डाव मांडत. कोटाचं काळं बटण म्हणजे शिडी. झबल्याचं पांढरं बटण म्हणजे बुटक्या. बटणं सरकत, खुणा ठरत, आणि आई शिलाई मशीनवरून ओरडे, "माझं काळं बटण हरवलं तर दोघांना उपाशी ठेवीन."

मनगट चोळलं की डावीकडून. गुडघ्यावर थाप मारली की मधून. आणि अगदी शेवटी, जीव टांगणीला लागला की, डाव्या कानाची पाळी ओढायची. बघायचं डावीकडे, चेंडू टाकायचा पाठीमागून उजव्या कोपऱ्यात.

"माणूस गेला की खुणा बदलतात," शिडीने स्वतःची समजूत घातली. "भाडेकरू गेला की कुलूप बदलतात, तसं. कधीच बदलल्या असतील." त्याने मनगट लिहिलं. गुडघा लिहिला. कानापाशी खडू थबकला. मग त्याने कानही लिहिला.

सामना सुरू झाला. बुटक्या कधी दंड थोपटी, कधी केसांतून हात फिरवी. शिडीला एकही खूण लागेना. सगळ्या नव्या होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला. फळ्यावर लिहिल्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत तो इतक्या हलक्या अंगाने पळाला नव्हता.

शेवटचे नऊ सेकंद उरले. शिडीचा संघ एका गुणाने पुढे होता. चेंडू बुटक्याच्या हातात होता आणि प्रेक्षकांच्या गलक्यात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. बुटक्याने घाम पुसला आणि डाव्या कानाची पाळी ओढली.

शिडीची नजर उजव्या कोपऱ्याकडे गेली.

"कान," बाकावरचा कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडला. "कान ओढला त्याने."

ते बुटक्याला ऐकू गेलं. त्याने क्षणभर शिडीकडे पाहिलं. पण चेंडू टाकायला त्याचा हात निघून गेला होता. शिडीचे पायही निघून गेले होते. उजव्या कोपऱ्यात चेंडू अलगद त्याच्या हातात येऊन बसला, तेरा वर्षं यायचा तसाच.

शिट्टी वाजली. त्याला खांद्यांवर उचललं. पदक गळ्यात पडलं. ते गार होतं.

गर्दी पांगल्यावर तो समोरच्या बाकापाशी गेला. बुटक्या बुटांच्या नाड्या सोडत होता.

"अभिनंदन, दादा," तो मान वर न करता म्हणाला.

शिडी तिथेच उभा राहिला. माफी मागायला आला होता, पण तोंडून निघाला प्रश्न. "सगळ्या खुणा बदलल्यास. मग कानाचीच कशाला ठेवलीस, वेड्या?"

बुटक्याने दुसऱ्या बुटाची गाठ सोडवली. बूट पिशवीत टाकला. चेन ओढली.

"सगळंच बदललं असतं तर," तो म्हणाला, "तू परत आल्यावर तुला परकं वाटलं असतं."