पाचवं नाव

जिन्यावर लाकडी बुटांचा आवाज आला तेव्हाच मी ओळखलं, मिसेस ऑर्मरॉड. सूतगिरणीतली ही बाई आमच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत याआधी चारदा येऊन गेली होती. जन्म नोंदवायला कायद्यानं सहा आठवडे मिळतात. तिच्या मुली त्याआधीच जात, आणि ती दोन्ही नोंदी एकाच खेपेत उरकून घेई. म्हणून मी न विचारताच जन्माची लाल वही आणि मृत्यूची काळी वही, दोन्ही काढून ठेवल्या.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगीच. तीन मार्चची."

तेवढं लिहून मी काळी वही उघडली. "आणि गेली कधी?"

तिनं शाल जरा बाजूला केली. आत बाळ झोपलं होतं.

"माफ करा, बाई."

"असू द्या हो साहेब. मीपण सकाळी उठून आधी तेच बघते."

लाल वहीतला नावाचा रकाना अजून रिकामा होता.

"नाव काय ठेवलंत?"

"कुठलं ठेवू? आईचं झालं, सासूचं झालं, बहिणीचं झालं, राणीचंसुद्धा झालं." तिनं काळ्या वहीकडे बोट दाखवलं. "यात अजून आलेलं नाही असं एखादं सांगा ना."

मी पहिल्या पानापासून बघायला घेतलं. कचेरी बंद व्हायची वेळ झाली, तरी मी पानं उलटतच होतो.