कॅटेगरी : आमची सून

“‘पळपुटी’ असं लिही,” अनीश म्हणाला.

विनोदिनीबाईंनी लिहिलं.

तो आईच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्यावर उमटणारा शब्द न् शब्द वाचत होता. तो रोजच वाचायचा. तिचा फोनही रोज तपासायचा.

ब्लॉग मुळात स्वयंपाकाचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी सुरू केलेला. लोणची, मसाले, उपवासाचे पदार्थ अशा कॅटेगऱ्या, आणि सांगली-साताऱ्याच्या शेकडो बायका रोज वाचणाऱ्या. आठ महिन्यांपूर्वी सून अश्लेषा चार वर्षांच्या राजनंदिनीला घेऊन घरातून निघून गेली. पुढच्याच आठवड्यात ब्लॉगवर नवी कॅटेगरी उघडली : आमची सून.

कल्पना बाईंचीच. अनीश पेपरात जाहिरात द्यायला निघाला होता.

“पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो,” बाई म्हणाल्या होत्या. “टॅग राहतो. टॅगमध्ये गावाचं नाव टाकलं, की त्या गावाबद्दल काहीही शोधणारा माणूस आपल्या पानावर येतो. तू ज्या गावी जाणार असशील ते मला आधी सांगत जा. मी त्याचा टॅग टाकेन. कुणीतरी तिला बघितलेलं असतंच.”

ते त्याला पटलं. लग्नातला, नथ आणि मुंडावळ्यांमधला अश्लेषाचा फोटो वर लागला. खाली बाईंनी सुनेचं एकेक माप काढलं. ती आळशी, तोंडाळ, तिनं नातीला आजीपासून तोडलं. वाचक तुटून पडले. निम्म्यांनी सुनेला शिव्या घातल्या, निम्म्यांनी बाईंना.

उत्कर्षा तर घरीच आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, अश्लेषाची मैत्रीण. मिरजेला नर्स होती.

“आवं बाई, तुमी आमाला शिकवलं. असलं लिहिताना हात कसा धजला तुमचा?”

“सून पळून गेल्यावर सासूनं आरती ओवाळायची का?”

“तिचा हात मोडला तवा प्लास्टर मी घातलंय. कुणी मोडला, म्हाईत न्हाई तुमाला?”

अनीश आत सोफ्यावर बसून ऐकत होता. बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं.

“जिन्यावरून पडली ती,” त्या म्हणाल्या. “आणि परत या दारात येऊ नकोस.”

उत्कर्षा उंबऱ्यावर थुंकली आणि गेली. बाईंनी फडकं आणून ते पुसलं. अनीश हसत होता.

पण शोध काही लागत नव्हता. मिरजेत पत्ता मिळाला, तिथून ती आदल्या दिवशी गेलेली. कराडमध्ये तर अगदी थोडक्यात हुकली. खोलीची मालकीण म्हणाली, “काल सांजचीच गेली की! पोरीचं दूध गॅसवर तसंच ठिवून.”

त्या दिवशी घरी येऊन अनीशनं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं.

“तुझ्यात धमक असती तर ती गेलीच नसती,” बाई म्हणाल्या.

त्यानं हात उगारला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“मार. पण लॅपटॉपला धक्का लागू देऊ नकोस. दुसरा मिळायला आठ दिवस जातील. तेवढ्यात ती कर्नाटकात पोचेल.”

त्यानं हात खाली घेतला. त्यानंतर घरात दोघं बोलायची ती फक्त पोस्टपुरती.

आणि आज, रविवारी दुपारी, एका वाचकाची कमेंट आली. ‘पाचगणीत एका बोर्डिंगच्या मेसमध्ये अशी बाई पोळ्या करते. सोबत लहान मुलगी आहे. उजवा हात नीट वळत नाही तिचा.’

अनीशनं ती तीनदा वाचली. मग गाडीची किल्ली घेतली.

“आत्ता निघतो.”

“रविवारी पाचगणीत गर्दी किती असते ते ठाऊक आहे ना?” बाई म्हणाल्या. “आणि बोर्डिंगं काय एक-दोन आहेत? कुठल्या दारात उभा राहणार तू? आज पोस्ट टाकते, पाचगणीचा टॅग लावते. रात्रीपर्यंत कुणीतरी शाळेचं नाव कळवेल. सकाळी नीट पत्ता घेऊन जा. कराडसारखा हात हलवत येऊ नकोस.”

किल्ली त्याच्या बोटांत फिरत राहिली. बाईंनी वर बघितलं नाही. शेवटी ती टेबलावर पडली.

“लिही,” तो म्हणाला. “पळपुटी लिही. पोरीला चोरून नेणारी लिही.”

बाईंनी सगळं लिहिलं. दोन ओळी स्वतःच्याही घातल्या, इतक्या जहरी की तो खूश होऊन पुढे वाकला. खाली टॅगच्या चौकोनात त्यांनी एकच शब्द टाकला : पाचगणी.

“हो बाजूला,” म्हणत त्यानं ‘प्रकाशित करा’चं बटण स्वतः दाबलं.

पाचगणीत मेसमधल्या संध्याकाळच्या पोळ्या संपत आल्या होत्या. अश्लेषानं कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि फोनवर सासूचा ब्लॉग उघडला. पोस्टमधलं अक्षरही न वाचता ती थेट तळाशी गेली. मग तिनं राजनंदिनीला हाक मारली, तिच्या अंगात स्वेटर चढवला आणि कोपऱ्यातली तयार पिशवी उचलली. आठ महिन्यांपूर्वी, सांगलीच्या स्टँडवर मायलेकींना बसमध्ये बसवून देताना विनोदिनीबाईंनी खिडकीतून तिचा प्लास्टरमधला हात धरला होता. “मी तुझ्याबद्दल वाट्टेल ते लिहीन. वाचू नकोस,” त्या म्हणाल्या होत्या. “खाली कुठल्या गावाचा टॅग आहे तेवढाच बघ, आणि त्या गावात असशील तर नीघ.”