पांगाऱ्याची पाखरं

हिमालयापलीकडून आलेला चक्रवाकांचा थवा चौथ्या दिवशीही तळ्यावर नुसत्या घिरट्या घालत राहिला, तेव्हा येसू भोई काठावर जाऊन उभा राहिला. पाण्यातलं नवं विष यंत्रांना कळेनासं झाल्यापासून सगळी भिस्त विषारी पाण्यात न उतरणाऱ्या या पाहुण्या पाखरांवर होती. ती पाण्यात उतरली, की काठावरचा कॅमेरा ते टिपायचा आणि गावाचे नळ आपोआप सुटायचे. चौथ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत उतरली नाहीत, तर गाव उठवायचं, असा सरकारी हुकूम होता.

"पाखरंच चुकली असतील," येसू स्वतःशी म्हणाला. "म्हणून काय बापजाद्यांचं तळं सोडायचं व्हय?"

त्याचा आजा लाकडी पाखरं पाण्यात सोडून खऱ्यांना भुलवायचा आणि शिकार साधायचा. येसूनंही जाळं तरंगतं ठेवायला बांधायच्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून वीस चक्रवाक कोरले होते, गेरूनं रंगवले होते. दुपारी त्यानं ते तळ्यात सोडले.

आपलेच भाऊबंद खाली निवांत बसलेले बघून थवा वळला आणि पाणी उडवत उतरला. गावात भोंगा वाजला. नळ सुटले.

तेवढ्यात पुढच्या चक्रवाकानं चोच बुडवली, ती वर आलीच नाही. शेजारच्याची मान कलंडली. मग तिसऱ्याची.

"पाणी पिऊ नका रं!" ओरडत येसू चिखल तुडवत गावाकडे धावला, पण भोंग्यापुढे त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

दारात त्याची सून कडेवरच्या लेकराचं ओलं तोंड पदरानं पुसत होती.

"मामा, उतरली बघा पाखरं!" ती हसून म्हणाली. "पोरगं कसं घटाघटा प्यालं."