चार बोल्टांचं इंजिन

यातला शब्द न् शब्द खरा आहे, देवाशपथ! खोटं निघालं तर माझी जीभ झडो, उद्यापासून चहात साखर विरघळेनाशी होवो. लोणी काळभोरच्या अर्ध्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

खंडेनवमीचा दिवस. प्रेमलाबाईंचा पुतण्या रणजित त्यांच्या पिकअपला टेकून उभा होता. पिकअप जुना, अमेरिकन, प्रेमलाबाईंच्या नवऱ्याने, म्हणजे हिंदुरावांनी, हौसेने घेतलेला. ते गेल्यावर प्रेमलाबाईच चालवायच्या. सत्तरी ओलांडली तरी झेंडू भरून मंडईत जायच्या आणि गाडी लावण्यावरून भांडून यायच्या. माहेर कसबा पेठेतलं, त्यामुळे भांडण ऐकायला गर्दी व्हायची.

"काकू, आता बास," रणजित म्हणाला. "मी बिल्डर माणूस. माझी काकू टेम्पोवाल्यांच्या लायनीत उभी राहती. किल्ली द्या. घरी बसा, नातवंडं सांभाळा."

"नातवंडं हॉस्टेलला आहेत. त्यांची मेस सांभाळू?"

"आन् हे इंजिन टू-बोल्ट हाय. भर रस्त्यात क्रँक सोडंल, तवा कळंल."

प्रेमलाबाई ताठ झाल्या. इंजिनाच्या पोटात क्रँक फिरतो, सगळा जोर त्याच्यावर. त्याला खालून टोप्या घालून ब्लॉकला आवळलेलं असतं. साध्या इंजिनात एकेका टोपीला दोन बोल्ट, दणकट इंजिनात चार. बाहेरून ब्लॉक सारखाच दिसतो. खालचं तेलाचं चेंबर खोलल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. आणि हे इंजिन चार बोल्टांचं होतं. हिंदुरावांनी मिशीला पीळ देत गावभर सांगितलेलं, चार म्हणजे चार.

"चार आहेत," त्या म्हणाल्या.

"मग खोलून बघू. दोन निघालं तर किल्ली माझी."

"खोल की. आठवडाभर मागं लागलायस. मीच म्हटलं ना, नवमीला ये?"

शेजारीच बाबुराव मेस्त्रींचं गॅरेज. रणजितने हाक मारली. बाबुराव आले आणि कानाला हात लावला.

"मालक, आज?" त्यांनी आत बोट दाखवलं. पाटावर सगळे पाने मांडलेले, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. "हत्यारं पूजेला बसलीत. उद्या उचलीन."

"उद्या माझ्या साइटचं भूमिपूजन हाय!"

"मग तूच उचल," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मी डोळे मिटते."

रणजित तरातरा आत गेला, वाकला. हात पान्यापर्यंत पोचला. बोटाला कुंकू लागलं, तसा त्याने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी भूमिपूजन असलेला माणूस तो.

"ऱ्हाऊ द्या खोलायचं!" तो बाहेर येऊन गरजला. विटांनी भरलेली ट्रॉली त्याने दाखवली. "ही कालव्याच्या चढावर ओढून दाखवा. दोन असलं तर क्रँक हितंच पडंल, समद्यांसमोर. पडला की किल्ली माझी."

"आणि नाही पडला तर पुन्हा किल्लीचं नाव काढायचं नाही."

ट्रॉलीत विटा, विटांवर रणजितचे दोस्त, दोस्तांच्या वर रणजितचा तोरा. प्रेमलाबाईंनी पदर खोचला आणि पहिला गिअर टाकला. पिकअप गुरगुरत निघाला. चढाच्या मध्यावर इंजिन धापा टाकायला लागलं.

"रेस द्या काकू, रेस!" दोस्त ओरडले. "चार बोल्ट हायती ना!"

त्यांनी रेस वाढवली नाही. अंड्यावर ठेवावा तसा पाय ठेवला. वीतभर, मग वीतभर. तोंडाने सगळ्यांचा उद्धार चालूच होता. कालव्याचं पाणी बघत थांबलं. वाटेतली बाभूळ आपणहून बाजूला सरकली. आणि ट्रॉली वर!

"चारच हायती," रणजित पुटपुटला.

दसऱ्याला पाने मोकळे झाले. बाबुराव हळूच म्हणाले, "वहिनी, एकदा खोलून बघू का?"

"जिंकून आलेल्या गाडीचं पोट फाडतात होय?" त्या म्हणाल्या, आणि झेंडू भरून मंडईला निघाल्या.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते, यात एक गोष्ट बनवलेली आहे. बाभूळ सरकली, ते खरंय. पण बोल्ट चार नव्हते. दोनच होते, आणि हिंदुरावांच्या शेजारी गाडीखाली आडवं पडून प्रेमलाबाईंनी स्वतःच्या हाताने ते आवळले होते.