शिट्टी थांबली की

मळणी यंत्रावरच्या उस्तादाला बायकोने कानांवर घालायला जाडजूड मफ आणून दिले होते. ते ट्रॅक्टरच्या आरशाला नुसते लटकत होते. "कान झाकले तर यंत्र काय म्हणतंय ते कळायचं कसं?" असं म्हणून तो तिला उडवून लावायचा. इंजिन बंद केलं तरी आतला पात्यांचा ड्रम बराच वेळ गरगरत राहतो आणि त्याची बारीक शिट्टी येत राहते. ती थांबली की मगच अडकलेला पेंढा काढायला हात घालायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची रीत.

आज पेंढा अडकला. त्याने इंजिन बंद केलं, कानोसा घेतला. शिट्टी नव्हती. बाही वर सारून तो यंत्राच्या तोंडाशी वाकला, तोच बायकोने मागून कॉलर धरून त्याला असं खेचलं की दोघंही जमिनीवर आपटले.

"अगं, वेड लागलं का तुला? थांबलाय तो!"

"थांबलाय?" ती ओरडली. "अहो, एवढी शिट्टी वाजतेय, ऐकू येत नाही तुम्हाला?"

तिने मूठभर पेंढा आत फेकला. डोळ्यांदेखत त्याचा भुगा झाला.

बसल्या जागी उस्ताद आपली बोटं एकेक करून चाचपू लागला.


"मेकॅनिकच्या हाताला गुण आहे, त्याने दुरुस्त केल्यापासून ड्रम लगेच थांबतो," असं तो हंगामभर ज्याला-त्याला सांगत होता, आणि हंगामभर रोज त्यात हात घालत होता.