अवधाण

"आई, इथे गाठ आलीय," इंदूने जांघेवर हात ठेवला, आणि द्वारकाबाईंच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. लग्नानंतर लेक पहिल्यांदाच माहेरी आली होती. त्यांच्या बहिणीचं जीवघेणं दुखणंही अशाच गाठीने सुरू झालं होतं.

त्यांना आईचे बोल आठवले: "पायातून विष वर चढू लागलं, की जांघेतली गाठ ते अडवते आणि सुजते. त्याला अवधाण म्हणतात. आधी जखम शोधावी." त्यांनी लेकीचा पाय मांडीवर घेतला. टाचेला, तळव्याला ओरखडाही नव्हता. लेकीला काटाही रुतू नये म्हणून देवाला विनवणारी आई आज जखमेसाठी नवस बोलत होती.

"जोडव्याला हात लावू नकोस!" इंदू कळवळली. "सासूबाई म्हणाल्यात, उतरवलं तर ह्यांना बाधतं."

"काढ म्हणते ना!"

साबणाने जोडवं निघालं. खाली बोट कातरून पिकलं होतं. द्वारकाबाईंनी ते पाऊल कपाळाला लावलं.

"पू बघून हसतेस काय गं?"

"चप्पल घाल, दवाखान्यात जाऊ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या मावशीच्या पायावर जखम सापडलीच नव्हती."