गाडीची गोधडी

शेवटची काच चिकटवायची राहिली होती, तेवढ्यात नदीकडून फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला आणि अग्राफेनाच्या हातातली डिंकाची नळी मातीत पडली. तिने ती उचलून झग्याला पुसली. अजून वीस मिनिटं होती. मुलगा ऐसेन बोटीतून उतरणार, गाडीचं गिऱ्हाईक बरोबर असणार, आणि दोघं चढण चढून इथवर येणार.

सप्टेंबर नुकता लागला होता. शेजारपाजारची माणसं अजून बटाटे काढत होती. गाडीच्या थंडीचं त्यांना पहिला बर्फ पडल्यावर सुचायचं. पण आतून बर्फ धरू नये म्हणून काचेवर दुसरी काच बसवायची तर ऊन असतानाच बसवावी, गारठ्यात डिंक धरत नाही, असं एगोर दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी विसरायचा. एगोर म्हणजे तिचा नवरा. गाडी त्याचीच; त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

चार दिवसांत तिने हिवाळी तेल भरलं होतं, नवी बॅटरी बसवली होती, इंजिनाच्या झाकणाखाली लोकरीचा जाड नमदा टाचला होता. एगोरच्या दोन कोटांचं अस्तर घालून अख्ख्या गाडीवर पांघरायची गोधडी शिवली होती, कोपऱ्यांना नाड्या लावून. बोटं सुईने चाळण झाली होती. जेवणावर लक्ष नव्हतं. आयुष्यभर शाळेत पोरांना गप्प बसवत आलेली ही बाई चार दिवस स्वतःशीच गुणगुणत होती.

दोघं आले तेव्हा काच बसली होती, फक्त डिंक ओला होता.

गिऱ्हाईक प्रोकोपी नावाचा ट्रकवाला होता, पन्नाशीचा, जाडजूड. त्याने गाडीला एक फेरी मारली. काचेवर नखाने टकटक केलं. झाकण उघडून आत बराच वेळ बघत राहिला. ऐसेन मात्र आईवर वैतागला. विकायच्या गाडीवर एवढा खर्च कशाला केलास, असं तो दबक्या आवाजात म्हणत होता. त्याला वाटलं, आईने कुणाला तरी पैसे देऊन हे करून घेतलं.

प्रोकोपीने गोधडीचं एक टोक उचललं, उलटसुलट करून टाके पाहिले आणि विचारलं, "कुणी शिवली?"

"मी," अग्राफेना म्हणाली.

त्याने झाकण हळूच बंद केलं. "बाळा," तो ऐसेनला म्हणाला, "विकायच्या गाडीला कुणी गोधडी शिवत नाही." आणि चहा मिळेल का असं विचारून तो ओसरीच्या पायरीवर बसला.

मग अग्राफेनाने झग्याच्या खिशातून नवं कोरं लायसन्स काढून मुलाच्या हातात ठेवलं. त्याने त्यावरचा फोटो पाहिला, तारीख पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. अख्खा उन्हाळा ती बोटीने पलीकडे त्याच्या शहरात यायची. दाढ दुखते, डॉक्टरकडे जाते, असं त्याला सांगायची.

"म्हणजे दाढ नव्हतीच?"

"होती की." तिने लायसन्सकडे बोट दाखवलं. "दोनदा नुसती हलली. तिसऱ्या वेळी निघाली."

प्रोकोपीला चहाचा ठसका लागला. ऐसेनला हसू आलं नाही. नदी गोठली की तिच्यावरूनच रस्ता जातो, उणे पन्नासात गाडी मधोमध बंद पडली तर माणूस किती वेळ टिकतं, हे त्याने आईला सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. तिच्याच वर्गात तो हे शिकला होता.

"म्हणून तर आतापासून तयारीला लागलेय," ती म्हणाली.

"पण तुला जायचंय कुठे, आई?"

अग्राफेनाने थोडा विचार केला. "तीस वर्षं तुझ्या बापाच्या शेजारी बसले. तो थांबेल तिथे उतरले. कुठे जायचंय, हे मला कुणी पहिल्यांदाच विचारतंय. ठरवू दे की जरा."

परतीच्या बोटीला तीच सोडायला निघाली. ऐसेन सवयीने चालकाच्या दाराशी गेला. आत आई बसलेली होती. तो गाडीला वळसा घालून शेजारी येऊन बसला. मागे प्रोकोपीने न सांगता पट्टा लावला. उतारावर तिने एकदाच गचका दिला. नंतर गाडी अशी गेली, की घरं मागे पडताना ती पुन्हा गुणगुणायला लागली.

काठावर दोघं उतरले. उतरताना प्रोकोपीने तसल्याच गोधडीसाठी आपल्या ट्रकचं माप चिठ्ठीवर लिहून सीटवर ठेवलं होतं. चिकटवलेली काच आता खाली होणार नव्हती, म्हणून अग्राफेनाने दार उघडून हाक मारली.

"ऐसेन, डिसेंबरात इकडे यायला कुणाची गाडी शोधू नकोस. पलीकडच्या काठावर उभा राहा. मी न्यायला येते."

तो हात वर करून फळीवरून बोटीत गेला. ती इंजिन चालू ठेवून बसून राहिली. समोर मैलभर रुंद तपकिरी पाणी वाहत होतं, आणि ते गोठल्यावर कुठून आत शिरायचं, कुठे वळायचं, ते ती काचेआडून त्या पाण्यावर बोटाने आखत होती.